टेकाडावर मनोरा नाही

प्रिय ईव्हो,

तुझा हुकूम मी अर्धाच पाळला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे काय रागवायचं ते आत्ता रागावून घेशील आणि पुढचं शांतपणे ऐकशील. टेकाडावरचा जुना लाकडी मनोरा उतरवायला सांगितला होतास, तो उतरवला. त्याच जागी दगडी मनोरा चढवायला सांगितला होतास, तो चढवलेला नाही, आणि माझ्या अंगात जीव आहे तोवर तिथे चढवू देणार नाही. दगड सगळा खालच्या आवारात, पागेमागच्या खडकावर लागतो आहे. हॅमोनं त्याबद्दल तुझ्याकडे तक्रार धाडायचं ठरवलं आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही धाडली असती. कारभारी तो, आणि धन्याचा हुकूम धन्याच्या आईनंच मोडला तर त्या बिचाऱ्यानं जावं कुणाकडे?

हे सगळं फादर सर्लो लिहून घेताहेत. माझं बोलणं ते धुऊन-पुसून लिहितात हे मला पक्कं ठाऊक आहे. मी हॅमोला गाढव म्हटलं की पानावर त्याचा 'किंचित हट्टी गृहस्थ' होतो. आज मात्र त्यांना बजावलं आहे की माझा शब्द माझाच ठेवा, नाहीतर रात्रीच्या जेवणात वाम मासा मिळणार नाही. त्यांना वाम फार आवडतो, त्यामुळे काळजी नाही. तुझ्या तळावर जो कुणी पाद्री हे वाचून दाखवेल, त्याला एवढंच सांग की शेवटचा भाग वाचताना तंबूत तुझ्याशिवाय कुणी नको.

तू कळवलं होतंस की शेजारच्या फुल्कनं दगडी मनोरा बांधला, आपला अजून लाकडाचाच आहे, आणि राजाच्या तळावर लोक तुला 'खोक्यातला सरदार' म्हणून चिडवतात. चिडवू देत. फुल्कचा मनोरा मी पाहिला आहे, त्याच्या जिन्यात त्याचंच पोट अडकतं. पण तुझ्या निरोपाच्या शेवटी एक वाक्य होतं, ते मी फादरांकडून पुन्हा वाचून घेतलं. ही तुझ्या वडिलांची शेवटची इच्छा होती, असं तू म्हटलं होतंस. खरं आहे ते. मरताना ते 'दगडाचा, दगडाचा' एवढंच म्हणत होते आणि तू त्यांचा हात धरून बसला होतास. तू ऐकलंस तेच मीही ऐकलं. फक्त त्या शब्दाच्या मागे काय होतं ते तुला कळायला वाव नव्हता. त्यावर नंतर येते.

आधी टेकाडाचं ऐक. मी नवरी होऊन समुद्र ओलांडून आले तेव्हा ते नवंकोरं होतं. निघताना माझे वडील मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "पोरी, तुला गढी मिळतेय, गढी!" इथे येऊन पाहते तर धड गवतही न उगवलेला मातीचा ढीग, त्यावर खांबांवर उभी लाकडी खोली, भोवती लाकडी खुंटांचा मेढेकोट आणि खंदकात बेडूक. मी चिखलात उभी राहून रडले होते. त्या आधीच्या उन्हाळ्यात इथल्या सगळ्या गावाला टोपल्या वाहायला लावून आपल्या माणसांनी तो ढीग रचून घेतला होता. एक थर मातीचा, एक दगडगोट्यांचा, वरून ठोकून ठोकून बसवलेला. गावातली जी घरं मध्ये आली ती तशीच खाली गेली. आपल्या दूधघरातली वुल्फ्रन लोणी काढता काढता आजही मला ऐकवते, "बाई, तुम्ही सगळे माझ्या आजीच्या चुलीवर बसलाय. खालून चटके नाही बसत?" मी म्हणते, बसतात गं, म्हणून तर लाकडाची जमीन घातली. मग ती हसते, मीही हसते. पण आम्ही दोघी हसतो ते एकाच गोष्टीला, असं मला कधी वाटलेलं नाही.

त्या मनोऱ्यात माझा उभा जन्म गेला, त्यामुळे त्याची जमीन माझ्या तळव्यांना पाठ होती. वाटाणे निवडताना एखादा हातातून निसटला की घरंगळत पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा. भांड्यातलं दूध पश्चिमेच्या काठाला जवळ असायचं. त्या बाजूचं दार दर वसंतात अडायचं, सुतार तासून द्यायचा, पुढच्या वसंतात ते पुन्हा अडायचं. तू पहिल्यांदा चाललास तोही त्याच कोपऱ्याकडे. तुझे वडील येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगायचे की पोराला खिडकीतून नदी बघायची असते. नदी कसली, तू उतारावरून सुटायचास आणि थांबता यायचं नाही म्हणून भिंतीवर आदळून खदाखदा हसायचास. म्हणजे टेकाडाची पश्चिमेची बाजू खचते आहे हे मला ड्रोगो गवंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. लाकडाचा मनोरा होता म्हणून निभावलं. लाकूड वाकतं, कुरकुरतं, सांभाळून घेतं. दगड काहीच सांभाळून घेत नाही.

ड्रोगोला तू कां शहरातून पाठवलंस ते मात्र छान केलंस. माणूस गोल आहे, बोलका आहे. आल्या आल्या त्यानं इथल्या सातूच्या दारूला घोड्याचं मूत म्हटलं आणि लगेच भांडं पुढे करून आणखी मागितली. जुना मनोरा उभा असतानाच त्यानं त्याच्या पश्चिमेला, टेकाडाच्या काठाशी, नव्या भिंतीचा पाया घेतला आणि कमरेइतकी भिंत चढवली. मग थंडी आली. ओला चुना गारठला की मरतो, म्हणून हे लोक अर्ध्या भिंतीच्या माथ्यावर पेंढा आणि शेण थापून ती हिवाळाभर झाकून ठेवतात. हॅमो नाक धरून म्हणाला, "एवढा घडीव दगड होड्या भरभरून आणला, आणि वर थापलं काय, तर शेण!" पण झाकताना ड्रोगोला भिंतीत केसाएवढी भेग दिसली. त्यानं तिच्यावर तळहाताएवढा चुना आडवा थापला आणि गुळगुळीत केला. गवंड्यांच्या बोलीत त्याला साक्षीदार म्हणतात. खालची माती बसलेली असली तर साक्षीदार अखंड राहतो, हलत असली तर तडकतो. ड्रोगो म्हणाला, "बाईसाहेब, कारभाऱ्यांना घाई आहे, तुम्हाला भीती आहे, आणि मला काम हवंय. आपल्या तिघांचंही ऐकण्यात अर्थ नाही. वसंतात यालाच विचारू."

मग काय, हिवाळाभर गढीत दुसरा विषय नव्हता. स्वयंपाकघरात दोन पक्ष पडले. कुणी बर्फ तुडवत वर जायचं, शेणाचा पोपडा उचलून बघायचं आणि खाली येऊन शपथेवर सांगायचं की साक्षीदार फुटला, किंवा फुटला नाही, ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे. ड्रोगोनं शेवटी वैतागून तिथे काट्यांची झुडपं टाकली.

हिवाळा सरता सरता मॅबिल बाळंत झाली. आधीचा निरोप तुला मिळाला की नाही कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगते. मुलगी आहे. नाव रोहेस ठेवलं. रंगरूप आईचं, नाक तुझं, त्याला इलाज नाही. दोघी सुखरूप आहेत. बाळंतपण वरच्या खोलीतच झालं आणि वाऱ्यानं मेणबत्ती एकदाही धड जळू दिली नाही. तुझी बायको मुकाट्यानं सोसणारी नाही हे बरंच आहे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो आई, तुम्ही दगड टेकाडावर चढवा नाहीतर नदीत बुडवा, पण पुढच्या हिवाळ्यात मला भिंतीत चूल असलेली खोली पाहिजे. इथे पाळणा मी हलवायच्या आधी वाराच हलवतो."

वसंतात पेंढा काढला. साक्षीदार आरपार चिरलेला होता, माझं बोट आत जाईल इतका. हॅमो म्हणाला चुन्यातच खोट असेल. ड्रोगोनं न चिडता दुसरा साक्षीदार थापला आणि ईस्टरचा सण उलटायच्या आत तोही गेला. तेव्हा ड्रोगो माझ्याकडे आला. इतर वेळी बडबड करणारा माणूस, पण त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. "हुकूम असेल तर भिंत चढवून देतो," तो म्हणाला, "पण तिच्या एकाही दगडावर माझी खूण कोरणार नाही." तुला माहीत आहे, या लोकांचं सगळं नाव त्या एवढ्याशा खुणेत असतं. हॅमोला ते पटलं नाही. "खुणेचं काय घेऊन बसलात? धन्यांनी सांगितलंय ना? हुकूम म्हणजे हुकूम. भिंत पडली तर पुढच्या पुढे बघू!" मी त्याला विचारलं की पडेल तेव्हा आत कोण असेल, तू की माझी नात? यावर तो पाय आपटत निघून गेला. तो अजूनही माझ्याशी तिरकंच बोलतो. तू आलास की त्याची समजूत काढ, माणूस निष्ठेचा आहे.

तर दगडानं जागा बदलली ती अशी. पागेमागे जिथे लहानपणी तू घसरगुंडी करायचास तो खडक आठवतो? त्यावर मनोरा उठतो आहे, चौकोनी, चारी कोपऱ्यांना सपाट पुढे आलेले आधार. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माझा पलंग मावेल. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मध्ये डबर आणि चुना. हे मधलं पोट कुणाला दिसायचं नाही, पण सगळा भार तेच पेलणार, असं ड्रोगो स्वतःच्या पोटावर हात फिरवत सांगतो. दार जमिनीलगत नसून वरच्या मजल्यावर आहे, बाहेरच्या जिन्यानं जायचं. खाली धान्याचं कोठार आणि विहीर. दारावर अर्धगोल कमान, तिच्यावर नागमोडी नक्षी. ही चैन मी माझ्या अधिकारात केली आहे. मॅबिलला भिंतीतली चूल मिळाली, आणि भिंतीच्या जाडीतच बाहेर काढलेलं शौचकूपही. ते पाहून तिला कमानीपेक्षा जास्त आनंद झाला. जुन्या मनोऱ्याचं ओक लाकूड वाया गेलं नाही. खांबांची बुडं कुजली होती, तेवढी सोडून बाकीच्या तुळया नव्या मजल्याला लागतील. म्हणजे तुझ्या मुलीचे पाय त्याच लाकडावर पडतील, फक्त यावेळी ती तिला हवं तिकडे चालेल.

काम चालू असताना ड्रोगोनं मला सहज विचारलं की बाकीचं टेकाड घट्ट बसलंय, मग पश्चिमेलाच का खचतं? मी सांगितलं की तिथली माती नंतरची आहे. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. तुझं होणार नाही, आणि होऊही नये.

तू अंगावर पीत होतास त्या वर्षी तुझे वडील राजाच्या बोलावण्यावरून बाहेर गेले होते, आणि मागे वेल्श लोकांनी येऊन मनोरा जाळला, एवढी गोष्ट तुला माहीत आहे. वडील मदत आणायला आपल्या वरच्या सरदाराकडे गेले, बर्फानं वाट अडली, म्हणून वसंतात परतले, हेही तू त्यांच्याच तोंडून ऐकलं आहेस. आल्यावर त्यांनी मनोरा पुन्हा उभारला तो आधीपेक्षा उंच. तेवढ्यानं भागेना म्हणून टेकाडच उंच करायला घेतलं, आणि तेही नेमकं नदीच्या बाजूनं. ठोकून बसवायलाही उसंत दिली नाही, नुसती माती ओतत राहिले. लोक म्हणायचे धन्याला उंचीचं वेड लागलंय. नदीच्या उताराजवळ, जिथून पाण्यात घोडे घालतात, तिथे ते रोज स्वतः जाऊन उभे राहायचे आणि मनोरा दिसतो का बघायचे. आपल्या घोडेस्वारांनी त्या वळणावर शिरस्त्राण काढायचं आणि वरच्यांनी खिडकीतून पांढरं कापड सोडायचं, ही पद्धत त्यांनीच तेव्हा पाडली. तू लहानपणापासून ते कापड सोडत आलास. कशासाठी, हे कधी विचारलं नाहीस आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता तंबूतल्या बाकीच्यांना बाहेर पाठव. मनोरा जळाला त्या पहाटे वेल्श लोक गुरं घेऊन निघून गेले. आम्ही सगळे खालच्या आवारात, धान्याच्या तळघरात होतो, काळेकुट्ट पण जिवंत. खालचं आवार टेकाडाच्या आड येतं, नदीवरून त्यातलं काही दिसत नाही. सकाळी मी टेकाडाला वळसा घालून पश्चिमेच्या मेढेकोटापाशी गेले, तर पलीकडे उताराजवळ तुझे वडील घोड्यावर होते, बरोबर मोजकी माणसं. त्यांना दिसत होतं ते उघडं, धुमसणारं टेकाड. आपल्या लोकांची ही खोडच आहे, ईव्हो, आपण मनोऱ्यालाच घर समजतो. मनोरा नाही म्हणजे आत कुणी नाही. त्यांनी शिरस्त्राण काढलं, बराच वेळ तसेच थांबले. मी डोक्यावरचं कापड काढून हलवलं, बेंबीच्या देठापासून ओरडले, पण धूर मध्ये होता आणि नदी फुगलेली होती. मग त्यांनी घोडा वळवला. मी मेढीच्या फटीतून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. वसंतात ते परत आले, आम्हाला जिवंत पाहून दारातच गुडघ्यांवर बसले, आणि मी पाणी दिलं. मी पाहिलं होतं हे मी त्यांना कधीच कळू दिलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही, नुसती माती ओतत राहिले, आणि मरताना न जळणारा दगड मागत राहिले. तेवढ्या माणसांनिशी त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, मला माहीत नाही. तरी राग आला होता, अजूनही कधी कधी येतो, खोटं कशाला बोलू? फादर सर्लो लिहायचे थांबले आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. इतकी वर्षं माझी कबुली ऐकतात, पण हे त्यांनीही ऐकलेलं नाही. ऐकणार कसं, हे पाप माझं नव्हतं. लिहा, फादर. ईव्हो, सुगी सरल्यावर येणाऱ्या संत मायकेलच्या सणाच्या सुमारास तू येणार असं तुझा माणूस सांगून गेला. नवा मनोरा अजून टेकाडापेक्षा ठेंगणा आहे, त्याच्या आडच राहील. तेव्हा नदीच्या उतारावरून तुला दिसेल ते उघडं टेकाड. हॅमो म्हणतो वर काठी रोवून निशाण लावू. लावू, पण निशाण शत्रूलाही लावता येतं. म्हणून हे पत्र. मनोऱ्याच्या परवानगीसाठी नाही, ती मी मागितलेली नाही. हे पत्र घेऊन येणाऱ्याला मी ताकीद दिली आहे की तू समुद्र ओलांडायच्या आत तुला गाठायचं. उघडं टेकाड दिसलं तर घोडा वळवू नकोस, बाळा. पाण्यात घाल. पश्चिमेच्या मेढेकोटापाशी, मी उभी होते त्याच जागी, मॅबिल उभी असेल. रोहेस तिच्या कडेवर असेल, जसा तू माझ्या कडेवर होतास.

तुझीच,
टेकाडाखाली उतरून आलेली आई,
हाविस